कोपऱ्यातलं नाव

औषधाच्या डब्यात आपल्या मुलाचं नाव आहे, हा शोध बाबांना लागला तो निव्वळ रिकामपणामुळे.

डबा ताईने, म्हणजे बाबांच्या मुलीने, आणला होता. पांढरा, पावाच्या डब्याएवढा. आत एक गोल चकती, चकतीत खण, आणि एकेका खणात एकेका वेळेच्या गोळ्या. वेळ झाली की चकती फिरायची, खालचा ड्रॉवर खट् करून पुढे यायचा आणि छोट्या पडद्यावर 'गोळ्या घ्या' अशी अक्षरं उमटायची. ताई शिवणाच्या कारखान्यात मापं तपासायची आणि सकाळी लवकर बाहेर पडायची. मागे बाबा घरात एकटे. त्यांना रक्त पातळ ठेवायची गोळी होती. ती चुकली तरी पंचाईत आणि दोनदा घेतली तर त्याहून मोठी पंचाईत. आणि बाबांचा कारभार असा, की "गोळी घेतली का?" असं फोनवर विचारलं तर म्हणायचे, "घेतली. आता आठवतेय ती आजची की कालची, ते तू ठरव." दोन-तीनदा असं झाल्यावर ताईने हात टेकले आणि डबा घेऊन आली.

बाबा जन्मभर पाट्या रंगवत आले. दुकानांच्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या. अशा माणसाला समोर दिसेल ते अक्षर वाचल्याशिवाय चैन पडत नाही. साबणाच्या वेष्टनावरचा मजकूरसुद्धा ते दोष काढत काढत वाचायचे. डब्याची बटणं दाबता दाबता ते एका दुपारी 'कायदेशीर माहिती' नावाच्या पानावर पोहोचले. तिथे सहसा कुणाचं पाऊल पडत नाही. भिंग डोळ्याशी धरून, "काय ही अक्षरं, मुंग्या सांडल्यासारखी" असं पुटपुटत ते ओळीमागून ओळ वाचत गेले आणि एका ओळीवर थांबले. तिथे त्यांच्या मुलाचं पूर्ण नाव होतं. आणि मधे, जसं असतं तसं, बाबांचं स्वतःचं.

त्यांनी लगेच फोन लावला. "अरे, तू डब्यात आहेस! आणि मीपण आहे!"

दुसऱ्या कुणाच्या अंगावर मूठभर मांस चढलं असतं. फोनच्या पलीकडच्या माणसाने मात्र डबा कुठल्या प्लगला लावलाय ते विचारलं.

या माणसाला घरात खटक्या म्हणत. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत संगणक सांभाळायची नोकरी, चाळिशी कधीच उलटलेली, डोक्यावरचे केस निघून गेलेले. पण नाव खटक्याच. त्याला कारण होतं. ऐन तारुण्यात, दुसरी पोरं सिनेमे बघत हिंडत होती तेव्हा, खटक्याने एक छोटा डेटाबेस लिहिला होता. म्हणजे नोंदी सांभाळणारी प्रणाली. काय घडलं ते लिहून ठेवायचं आणि विचारलं की खरं सांगायचं, एवढंच तिचं काम. आता अशा प्रणालीची परीक्षा सगळं सुरळीत चालू असताना होत नाही. ती लिहीत असतानाच वीज तोडायची, आणि परत आल्यावर तिला काय आठवतं ते बघायचं. म्हणून खटक्या प्लग ओढायचा. इतका ओढायचा की खोलीतलं सॉकेट भिंतीतून बाहेर आलं. मग ती सवयच जडली. नवीन यंत्र दिसलं की याचा हात बटणाकडे. मिक्सर झाला, दूरचित्रवाणी झाली. एका नातेवाइकाच्या लग्नात तर मामांचं भाषण रंगात आलेलं असताना याने ध्वनिक्षेपकाचा प्लग ओढून बघितला होता. मामा अजून बोलत नाहीत.

तर तो डेटाबेस त्याने जगाला देऊन टाकला. वर परवाना जोडला, एका परिच्छेदाचा. घ्या, वापरा, बदला, तुमच्या मालात घालून विका, मला विचारू नका. अट एकच, माझं नाव काढू नका. आणि शेवटी ते नेहमीचं वाक्य: हे जसं आहे तसं देतोय, काही बिघडलं तर जबाबदारी माझी नाही. ते शेवटचं वाक्य त्याने बाकीच्यांचं बघून उतरवलं होतं. सगळेच लिहितात. नावाची अट मात्र त्याने घरून आणली होती. बाबा प्रत्येक पाटीच्या उजव्या कोपऱ्यात, तांदळाच्या दाण्याएवढ्या अक्षरात स्वतःचं नाव घालायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, हे कशाला? बाबा म्हणायचे, पाटी तुमची, हात माझा.

पुढे तो डेटाबेस कुठे कुठे गेला ते खटक्याला माहीत नव्हतं. माहीत असण्याची सोयच नव्हती. कुणी सांगायला बांधील नाही हेच त्या परवान्याचं सौंदर्य, असं तो मित्रांना ऐकवायचा. ते सौंदर्य आता बाबांच्या स्वयंपाकघरात ओट्यावर येऊन बसलं होतं.

रविवारी तो ताईकडे गेला. जाताना स्वतःची समजूत घालत गेला, की नुसतं बघायचं. घरात तर उत्सवाचं वातावरण. बाबांनी खालच्या मजल्यावरच्या घड्याळजींना बोलावून ठेवलं होतं आणि भिंगासकट दर्शन चालू होतं. "हे नाव बघा. आता मधलं बघा. मधलं मी." घड्याळजी जन्मभर घड्याळं दुरुस्त करून तिरके झालेले, त्यांनी मान आणखी तिरकी करून वाचलं आणि म्हणाले, "म्हणजे हे घड्याळच आहे म्हणा ना, फक्त गोळ्यांचं." ताई केटलीत पाणी भरत होती. डब्याची वायर आणि केटलीची वायर एकाच एक्स्टेंशन बोर्डात शिरली होती. खटक्याची नजर तिथे खिळली.

"ताई, केटली लावल्यावर कधी फ्यूज जातो का गं?"

"कपडे धुवायचं यंत्र चालू असलं तर जातो. का? बदलून देणार आहेस?"

"आणि बाबांच्या गोळीची वेळ काय?"

"सकाळच्या चहाची. गोळी चहाबरोबरच घेतात. त्याच वेळी मी यंत्र लावून निघते. ए, हात लावायचा नाही हं त्याला! नवा आहे!"

पण खटक्याने चकती बाहेर काढली होती. गोळ्या वाटीत ओतल्या आणि प्रत्येक खणात एकेक सुका वाटाणा टाकला. डब्याचं घड्याळ पुढे सरकवलं. "आता बघा," तो घड्याळजींना म्हणाला, आणि आवाज शक्य तितका गमतीचा ठेवला.

चकती फिरली. खट्. ड्रॉवरमध्ये वाटाणा आला. त्याच क्षणी खटक्याने प्लग ओढला. पडदा काळा झाला. त्याने प्लग परत लावला. डबा जागा झाला, थोडा वेळ विचारात पडल्यासारखा लुकलुकला आणि पडद्यावर अक्षरं आली. 'गोळ्या घ्या.' चकती फिरली. खट्. दुसरा वाटाणा.

"दिलदार आहे हं तुझा डबा!" बाबा हसले. घड्याळजीही हसले.

खटक्याने पुन्हा केलं. पुन्हा दुसरा वाटाणा आला. पुन्हा केलं, पुन्हा आला. दिलेली गोळी दिली म्हणून डब्याने नोंद केलेली असायची, पण वरवरची. कुलूप लावलं म्हणून सांगायचं आणि किल्ली अजून हातातच, तशातली. तेवढ्यात वीज गेली की नोंद पुसली जायची, आणि डबा प्रामाणिकपणे दुसरी गोळी द्यायचा. खटक्याने मागे वळून पाहिलं तर ताई केटली हातात धरून तशीच उभी.

"चकती एक दिवस आधीच रिकामी होते रे," ती हळू आवाजात म्हणाली. "दर वेळी नाही. मधूनच. मला वाटायचं, भरताना मीच चुकते."

खटक्या बाबांजवळ गेला आणि त्यांच्या सदऱ्याची बाही वर सारली. दंडावर काळेनिळे डाग होते, एक जुना पिवळा पडत चाललेला, दोन ताजे.

"कपाटाला आपटलं असेल," बाबा म्हणाले. "हल्ली सगळं मलाच आपटतं."

घड्याळजी उठले आणि खाली निघून गेले.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. हवं त्यापेक्षा बरंच पातळ होतं. वेळेत आलात, एवढंच त्या म्हणाल्या. पण ते म्हणताना त्यांनी चष्मा काढला, आणि खटक्याला तो चष्मा काढणं पुढे कितीतरी दिवस दिसत राहिलं. गोळी काही दिवस बंद करायची, मग पुन्हा तपासायचं, तोवर पडायचं नाही, आपटायचं नाही, दाढीसुद्धा जपून. ताईने रजा टाकली. कारखान्यातली रजा म्हणजे आपल्या जागेवर दुसरी कुणीतरी बसणार आणि परत जाताना ती उठेल याची खात्री नाही.

ताई खटक्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. जिन्यात चपला घालताना ती म्हणाली, "बाबांना दोनदा गोळी देणाऱ्या डब्यात माझ्या भावाचं नाव. आणि मी ते अख्ख्या कारखान्याला सांगत सुटले होते."

घरी जाऊन त्याने स्वतःचं जुनं लिखाण उघडलं. नोंद पक्की होते त्या जागेवर तो पोहोचला. तिथे सगळं ठीक होतं. त्याची प्रणाली नोंद पक्की झाल्याशिवाय 'झाली' म्हणतच नव्हती; थांबत होती. म्हणजे हे थांबणं कुणीतरी काढून टाकलं होतं. त्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं याची लाजही वाटली.

डबा बनवणाऱ्या कंपनीच्या मदत क्रमांकावर एक गोड आवाज होता. "सर, तक्रार कशात नोंदवू? झाकण उघडत नाही, की आवाज येतो?"

"डबा दोनदा गोळी देतो."

"म्हणजे आवाज येतो का सर?"

"अहो, तुमच्या डब्यातला डेटाबेस मी लिहिलाय!"

"छान सर. मग ग्राहक म्हणून कुणाचं नाव घालू?"

तीन-चार जणांच्या हातून असं फिरत फिरत शेवटी एका अभियंता मुलीचा फोन आला. ती बिचारी खरंच भारावलेली होती. "सर, तुमचं नाव मी कॉलेजपासून बघतेय. आमच्या सगळ्या मालात तुम्हीच आहात." खटक्याने विचारलं, तसं तिने काही लपवलं नाही. ड्रॉवर उघडायला क्षणभर वेळ लागायचा, म्हातारी माणसं धीर सोडून बटणं दाबत बसायची, तक्रारी यायच्या. म्हणून नोंद पक्की होण्याची वाट बघणं तिच्या आधीच्या कुणीतरी बंद केलं होतं. "वीज गेली तर बॅटरी असतेच ना, सर."

"कुठे असते?"

"ती वेगळी घ्यावी लागते," ती म्हणाली.

मग तिच्या साहेबांनी फोन घेतला. साहेबांचा आवाज इस्त्री केलेला. "बदल करायची परवानगी तुम्हीच दिलेली आहे, बरोबर?"

"बरोबर."

"बदल केला तर कळवायचं बंधन नाही."

"नाही."

"आणि हमी कसलीच नाही, हेही तुमचंच वाक्य. खरं सांगू का, आम्ही तुमचं घेतलं ते त्या परवान्यासाठीच. बाकीचे परवाने आमच्या वकिलांनी वाचायला घेतले आणि ते आजारी पडले. तुमचा एका परिच्छेदाचा." ते हसले. "आम्ही तपास करतोय. पुढच्या आवृत्तीत नक्की बघू. आणि तुम्हाला टोचतंय ते नाव, हो ना? नाव काढू नये ही अट तुमची आहे. तुम्हीच लेखी मोकळीक द्या, आम्ही काढून टाकतो. तुम्ही सुटलात, आम्हीही सुटलो."

फोन ठेवल्यावर खटक्याला पहिल्यांदा मोकळा श्वास आला. आणि मग त्याचे हाल सुरू झाले.

कचेरीत चहाची केटली उकळायला लागली की तो दचकायचा. या घटकेला किती स्वयंपाकघरांत केटल्या लागल्या असतील, किती ठिकाणी फ्यूज जात असतील, किती आज्या ड्रॉवरमधली दुसरी गोळी 'यंत्राला जास्त कळतं' म्हणून निमूट घेत असतील, याचा हिशेब त्याच्या डोक्यात आपोआप चालू व्हायचा. बँकेत रांगेचा क्रमांक देणारं यंत्र दिसलं की तो त्याची बटणं दाबून कायदेशीर माहिती शोधायचा. मागचे लोक खेकसायचे. लिफ्टमध्ये शिरायच्या आधी तो थांबायचा. इतकी वर्षं आपण घरोघर नाव वाटत हिंडलो आणि कुठल्या दारात काय चाललंय हे एकदाही डोकावून बघितलं नाही, असं त्याला वाटायला लागलं. बायको म्हणाली, "अरे, कायद्याने तुझं काही चुकलेलं नाही." तो म्हणाला, "माहितीये." आणि ताटात बोटं फिरवत बसला.

शेवटी त्याने मोकळीक लिहून काढली. दोन ओळींचं तर काम. पाठवायच्या आधी मात्र त्याच्या मनात आलं की नाव आपल्या एकट्याचं नाही. मधलं बाबांचं आहे. त्यांना न विचारता कसं काढायचं?

बाबा गॅलरीत बसले होते. दाढीचे खुंट वाढलेले, हातावरचे डाग आता हिरवट झालेले. डबा आतल्या टेबलावर वर्तमानपत्राने झाकून ठेवला होता. खटक्याने सगळं सांगितलं. बाबा ऐकत राहिले.

"म्हणजे चूक तुझी नाही."

"नाही. त्यांनी बदललं."

"आणि बदलायला तूच हो म्हणाला होतास."

"हो. सगळ्यांनाच म्हणतो."

बाबा खुर्चीत सरसावून बसले. "तुझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. इस्पितळाची पाटी केली होती मी. 'तातडीचा विभाग', आणि खाली मोठा लाल बाण. सुरेख झाली होती. मग एक दिवस रंगाच्या दुकानात कुणीतरी म्हणालं, तुमच्या बाणाने घोळ घातलाय. जाऊन बघतो तर काय, कंत्राटदाराने पाटी समोरच्या भिंतीवर ठोकलेली. बाण उलटीकडे. एक बाई कडेवर पोर घेऊन कोळशाच्या खोलीपर्यंत धावत गेली होती."

"मग?"

"पोर वाचलं. पण ती बाई मला भेटली तिथे. तिला कंत्राटदार माहीत नव्हता. तिने पाटीवरचं नाव वाचलं होतं."

खटक्या बाबांच्या शेजारी खाली बसला.

"शिडी लावून चढलो. खिशात रंग खरवडायची पत्री होती. वर गेल्यावर पहिल्यांदा काय मनात आलं सांगू? आधी नाव खरवडावं. दोन बोटांची जागा, लगेच झालं असतं. खाली उतरलो असतो आणि सुटलो असतो." बाबांनी दोन बोटं हवेत धरून दाखवली. "पण नाव खरवडलं म्हणून बाण वळतो का?"

आत ताई भांडी लावत होती. भांड्यांचा आवाज थांबला.

"मग बाणच रंगवला," बाबा म्हणाले. "कुणी सांगितलं नव्हतं. कुणी पैसेही दिले नाहीत. आता तू माझं नाव काढ नाहीतर ठेव, तुझा डबा आहे. पण आधी त्या माणसांना कळव, ज्यांच्या घरी तो आहे. कसं कळवायचं ते तुला माहीत, मला फक्त पाट्या येतात."

तर पाटीच करायची ठरली. वर्तमानपत्र बाजूला करून डबा ओट्यावर आणला, ताईने मोबाइल धरला आणि बाबा नवा सदरा घालून उभे राहिले. त्यांनी आधी आपलं नाव सांगितलं. मग म्हणाले, "मी पाट्या रंगवायचो. या डब्यात माझं नाव आहे, माझ्या मुलाच्या नावात मधे. डबा चुकतोय. तुमच्या घरी असा डबा असेल तर गोळ्या काढून ठेवा, वाटाणे घाला आणि असं करून बघा." आणि बाबांनी स्वतःच्या हाताने प्लग ओढला. दुसरा वाटाणा पडला तेव्हा त्यांनी तो उचलून मोबाइलच्या अगदी जवळ धरला, आणि त्यामुळे चित्रात काही क्षण नुसतं हिरवं दिसतं. ताई म्हणाली, पुन्हा घेऊ. खटक्या म्हणाला, राहू दे. खाली त्याने स्वतःचा फोन नंबर घातला.

ते चित्रण त्याने इंटरनेटवर डेटाबेसच्या पहिल्या पानावर, परवान्याच्याही वर लावलं, आणि तिथून ते मोबाइलवरून मोबाइलवर फिरत गेलं. आरोग्य खात्याला वेगळं कळवलं. संध्याकाळपर्यंत साहेबांचा तो इस्त्रीचा आवाज फोनवर आला, पण आता त्याला सुरकुत्या पडल्या होत्या. "तुम्ही आमचं नाव खराब करताय!"

"तुमचं नाव मी कुठे घेतलंय?" खटक्या म्हणाला. खरंच घेतलं नव्हतं. फक्त स्वतःचं घेतलं होतं.

"आमचे वकील बोलतील तुमच्याशी."

"बोलू दे. म्हणावं, परवाना एका परिच्छेदाचा आहे, झेपेल."

पुढचे काही दिवस दाराची बेल वाजली की तो आधी खिडकीतून खाली बघायचा. पण वकील आले नाहीत. आला तो त्या अभियंता मुलीचा फोन. आरोग्य खात्याने विचारणा केली होती आणि दुरुस्ती निघाली होती. इंटरनेटला जोडलेले डबे आपोआप सुधारले जातील. "आणि जे जोडलेले नाहीत ते?" खटक्याने विचारलं. "त्यांच्याकडे आमची माणसं जातील सर. हळूहळू." हा 'हळूहळू' तिलाही आवडलेला नव्हता, कारण दुसऱ्या दिवशी तिने दुरुस्तीची फाइल घातलेला एक पेनड्राइव्ह त्याच्या कचेरीत पाठवून दिला. बरोबर चिठ्ठी वगैरे काही नव्हती.

ताईचा डबा सुधारला. प्लग ओढायचा मान बाबांचा. डबा जागा झाला, लुकलुकला आणि गप्प बसला. एकच वाटाणा. ताईने डोळ्यांना पदर लावला आणि लगेच म्हणाली की कांद्याने झालं. कांदा कुठेच नव्हता. तिची जागा अजून कुणी घेतली नव्हती. सोमवारपासून ती कामावर जाणार होती, आणि केटलीसाठी वेगळं सॉकेट लावून घ्यायचं ठरलं होतं. बाबांनी बटणं दाबत कायदेशीर माहितीचं पान काढलं. नाव जागेवर होतं. मोकळीक खटक्याने पाठवलीच नव्हती.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. अनोळखी नंबर. असे फोन हल्ली यायचे. बहुतेक लोक आभार मानायचे, काही शिव्या घालायचे.

"ते वाटाणेवाले बाबा तिथेच राहतात का?" एका म्हाताऱ्या बाईंचा आवाज होता. "आमच्याकडेही तो डबा आहे. आमच्याकडे इंटरनेट वगैरे काही नाही हो. नातीने दाखवलं म्हणून कळलं. वाटाणे घातलेत मी. ओढू का प्लग?"

"ओढा," खटक्या म्हणाला. "आधी ड्रॉवर पुढे येऊ दे, मगच ओढा. मी फोनवर आहे."

त्याने फोन कानाशी घट्ट धरला. पलीकडे कसली तरी घरघर ऐकू येत होती, भांड्याचा आवाज, कुणाचं तरी खोकणं. मग खट्. मग शांतता. बाई पुटपुटत होत्या, "ओढला… आता लावते… लागत नाहीये मेला… हां, लागला." खटक्या मोजत नव्हता, नुसता ऐकत होता. ताई आणि बाबा त्याच्या तोंडाकडे बघत होते.

खट्.

"दुसरा आला हो," बाई म्हणाल्या.

"आजी, डबा बंद करून ठेवा. आजची गोळी कुणाची होती?"

"ह्यांची. रक्ताची गोळी."

"घेतली त्यांनी?"

"घेतली ना. चहाबरोबर."

"किती घेतल्या?"

पलीकडचं खोकणं थांबलं. मग लांबून, फोन बाजूला धरून विचारल्यासारखा बाईंचा आवाज आला, "अहो, तुम्ही सकाळी किती घेतल्या?"

"आजी, आधी डॉक्टरांना फोन लावा, आत्ताच्या आत्ता," खटक्या म्हणाला. त्याने पेनड्राइव्ह खिशात टाकला. "आणि मला पत्ता सांगा. मी येतोय."

पत्ता लिहून घेऊन त्याने मान वर केली. बाबा चपला घालून दारात उभे होते.